डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आणि आपली सोसायटी



स्मरणिकेसाठी लेख द्या, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा आधी वाटलं, आपल्या सुरुवातीच्या दिवसांवर लिहावं. टँकरचं पाणी, लिफ्ट सुरू होण्याआधी पाचव्या मजल्यावर चढवलेले गॅस सिलिंडर, पार्किंगमध्ये ताडपत्री बांधून बसवलेला पहिला गणपती. पण या आठवणी अंकात इतरांच्या लेखांत येणारच. मी सहा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे माझ्याकडे आणखी एक आठवण आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नाही. ती सांगायची तर आधी एका परदेशी माणसाचं चरित्र सांगावं लागेल. हा माणूस १९६८ साली गेला, तेव्हा आपल्या इमारतींच्या जागेवर भातशेती होती. लेख थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

२०२४ च्या जानेवारीत मी आणि आमची सौ. मुलाकडे शिकागोजवळ राहायला गेलो होतो. थंडी शून्याच्या खाली वीस अंशांच्या आसपास. १५ तारखेला, सोमवारी, मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी होती. मला वाटलं, नातू आज दहापर्यंत लोळणार. तर हा पठ्ठ्या आठ वाजता बूट घालून तयार! त्यांच्या गावच्या वाचनालयात मुलं आणि पालक जमणार होते. गरजू घरांसाठी धान्याच्या पिशव्या भरायच्या आणि लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या, असा कार्यक्रम. मीही गेलो. तांदळाच्या पुड्या मोजता मोजता नातवाने विचारलं, आजोबा, किंगबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे? मला तीन गोष्टी सांगता आल्या. ते गांधीजींना मानत, त्यांनी स्वप्नाचं ते प्रसिद्ध भाषण केलं आणि त्यांना गोळी घालून मारलं. त्यापुढे माझी गाडी जाईना. आयुष्यभर पेपर वाचणाऱ्या माणसाला याची लाज वाटली. त्याच वाचनालयातून पुस्तकं आणली आणि पुढचे तीन आठवडे हीटरजवळ बसून वाचून काढली. जे वाचलं ते माझ्या शब्दांत सांगतो.

बसमधली जागा

मार्टिनचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहरात झाला. वडील एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते, त्यांच्या आधी आईचे वडील त्याच चर्चमध्ये होते. आई तिथे ऑर्गन वाजवायची. घर खाऊनपिऊन सुखी. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने १८६५ सालीच संपली होती. ती संपवणाऱ्या तिथल्या सज्जनांनाच आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरी हा ग्रंथ अर्पण केला. पण पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी नवे कायदे केले. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, बसमधल्या जागा वेगळ्या, पिण्याच्या पाण्याचे नळसुद्धा वेगळे. पाणी वेगळं म्हणजे काय, हे महाडचं चवदार तळं ठाऊक असलेल्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

लहानपणी मार्टिनचा एक गोरा मित्र होता. शाळेत जायचं वय झालं तशी दोघांची नावं वेगवेगळ्या शाळांत घातली गेली, आणि मित्राच्या वडिलांनी दोघांचं खेळणं बंद केलं. सहा वर्षांच्या मुलाला कारण कळेना. ते त्याला आईने मांडीवर घेऊन समजावून सांगितलं. १९४४ साली, पंधराव्या वर्षी, तो दुसऱ्या गावी वक्तृत्व स्पर्धेत बोलून आपल्या शिक्षिकेबरोबर बसने परत येत होता. वाटेत गोरे प्रवासी चढले आणि ड्रायव्हरने या दोघांना उठायला सांगितलं. मार्टिन उठेना. शिक्षिकेने कायद्याची आठवण करून दिली तेव्हा तो उठला. अटलांटापर्यंतचे जवळपास दीडशे किलोमीटर दोघं उभ्याने आले. आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता, असं त्यांनी पुढे नोंदवून ठेवलं आहे. स्पर्धेतलं भाषण होतं राज्यघटना आणि काळ्या माणसाचे हक्क या विषयावर!

त्याच वर्षी तो मोरहाउस कॉलेजात दाखल झाला. तिथले प्राचार्य बेंजामिन मेज हिंदुस्थानात येऊन गांधीजींना प्रत्यक्ष भेटून गेले होते. पुढे धर्मशास्त्र शिकत असताना मार्टिनने फिलाडेल्फियात एका विद्वानाचं गांधीजींवरचं व्याख्यान ऐकलं आणि बाहेर पडल्यावर गांधीजींवरची पाच-सहा पुस्तकं विकत घेतली. १९५५ साली बॉस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्या प्रबंधातले काही उतारे दुसऱ्यांच्या लिखाणातून श्रेय न देता घेतलेले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं. हेही इथे लिहितो, कारण चरित्र म्हणजे आरती नव्हे.

मॉन्टगोमेरी

१९५३ मध्ये कोरेटा स्कॉट यांच्याशी लग्न झालं आणि पुढच्या वर्षी ते अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात चर्चचे धर्मोपदेशक झाले. तिथल्या बसचा नियम असा की, काळ्या प्रवाशांनी पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचं. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमध्ये जागा सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने रात्रभर कॉलेजात बसून चक्रमुद्रणावर हजारो पत्रकं काढली. सोमवारी बस रिकाम्या धावल्या. त्या दिवशी जी संघटना उभी राहिली तिचे अध्यक्ष म्हणून किंग यांची निवड झाली. वय सव्वीस. गावात नवे होते, कोणाशी वैर नव्हतं. कमिटीत नव्या माणसाच्या गळ्यात माळ कशी पडते, हे आपल्याला सांगायला नको!

हा बहिष्कार ३८१ दिवस चालला. तो किंग यांच्या भाषणांवर जेवढा चालला, तेवढाच घरकाम करणाऱ्या बायकांच्या पायांवर चालला. धुणीभांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं अशी कामं करणाऱ्या या बायका रोज मैलोगणती चालत जायच्या. काही गोऱ्या गृहिणी आपल्या बाईला घ्यायला स्वतःची गाडी काढायच्या. महापौरांना त्याचा राग आला, पण घरातली भांडी काही महापौर घासणार नव्हते. जॉर्जिया गिलमोर नावाच्या एक स्वयंपाकीण होत्या. कोर्टात बसवाल्यांच्या विरोधात साक्ष दिली म्हणून त्यांची नोकरी गेली. त्यांनी घरी स्वयंपाक करून विकायला सुरुवात केली. अनेक बायकांना हाताशी धरून डबे, केक, पाय विकले आणि पैसे चळवळीच्या गाड्यांच्या पेट्रोलसाठी दिले. देणाऱ्यांची नावं सांगायची सोय नव्हती, नोकऱ्या गेल्या असत्या. म्हणून पैसे कुठून आले, या प्रश्नाला ठरलेलं उत्तर होतं, कुठूनच नाही.

३० जानेवारी १९५६ ला किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. ते सभेत होते, घरात पत्नी आणि काही आठवड्यांची मुलगी होती. दोघी वाचल्या. अंगणात चिडलेले लोक जमले, काहींच्या हातात बंदुका होत्या. किंग यांनी त्यांना शांत करून घरी पाठवलं. त्या वर्षअखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बसमधला भेद संपला.

मुंबईतल्या रात्री

सप्टेंबर १९५८ मध्ये न्यूयॉर्कला, आपल्याच पुस्तकावर सह्या देत असताना, एका मनोरुग्ण बाईने त्यांच्या छातीत कागद कापण्याचं धारदार पातं खुपसलं. टोक महारोहिणीला टेकलं होतं, साधी शिंक आली असती तरी प्राण गेले असते, असं डॉक्टरांचं मत पडलं. त्या दुखण्यातून उठल्यावर, फेब्रुवारी १९५९ मध्ये, ते कोरेटांना घेऊन महिनाभरासाठी भारतात आले.

विमान उशिरा मुंबईला पोहोचलं. पहिल्याच रात्री हॉटेलकडे जाताना त्यांना फुटपाथवर झोपलेली माणसं दिसली, आणि ते दृश्य त्यांना शेवटपर्यंत विसरता आलं नाही. पुढे ते दिल्लीला नेहरूंना भेटले, विनोबांना भेटले, दक्षिणेत गेले. मुंबईला परत आल्यावर गावदेवीच्या मणिभवनात राहिले, गांधीजी जिथे राहत त्याच घरात. मी मुंबईत चाळीस वर्षं नोकरी केली, गावदेवीवरून असंख्य वेळा गेलो, पण मणिभवनाची पायरी मी चढलो ती शिकागोहून परतल्यावर.

केरळमधल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतून आलेला अस्पृश्य बांधव अशी करून दिली. ही हकीकत त्यांनीच पुढे एका प्रवचनात सांगितली. क्षणभर राग आला. मग आपल्या देशातल्या लाखो माणसांची गरिबी, कोंदट वस्त्या आठवल्या आणि त्यांना पटलं की शब्द बरोबर आहे.

वही आणि पेन्सिल

भाषणं आणि मोर्चे सगळ्यांना माहीत असतात. मला सगळ्यात जवळची वाटली ती शाळांची गोष्ट. दक्षिणेत मतदार म्हणून नाव घालायला वाचनाची परीक्षा असे. काळ्या माणसासाठी ती मुद्दाम अवघड केलेली. सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर मोठ्यांची रात्रशाळा काढली. पहिला वर्ग जानेवारी १९५७ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर भरला. कुठे? तर तिथल्या लोकांच्या सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत! पुढे किराणा, मागे शाळा, म्हणजे कोणाला संशय नको. शिकवणाऱ्या बर्निस रॉबिन्सन या ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडलं नाही, तुम्हाला काय शिकायचं आहे, एवढंच विचारलं. कोणाला सही करायची होती, कोणाला दुकानाचा ऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कोणाला बायबल वाचायचं होतं. तिथून धडे सुरू झाले. १९६१ साली किंग यांच्या संघटनेने हे काम आपल्याकडे घेतलं आणि दक्षिणेत ठिकठिकाणी असे वर्ग निघाले. माणसं अक्षरं शिकली, मग मतदार झाली, मग त्यांच्यातलेच काही शिक्षक झाले.

त्यानंतरची वर्षं धावपळीची. १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमला तुरुंगवास झाला, तिथे वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहायला घेतलेलं त्यांचं पत्र जगभर गेलं. मे महिन्यात त्याच शहरात शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले आणि बंबाचे फवारे मारले. २८ ऑगस्टला वॉशिंग्टनला सुमारे अडीच लाख लोक जमले, तेच ते स्वप्नाचं भाषण. जेमतेम तीन आठवडे झाले आणि बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बने चार मुली मारल्या गेल्या. २ जुलै १९६४ ला नागरी हक्कांचा कायदा झाला. त्या डिसेंबरात, पस्तिसाव्या वर्षी, नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. रक्कम त्यांनी चळवळीला देऊन टाकली. १९६५ च्या मार्चमध्ये सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चा निघाला आणि ६ ऑगस्टला मतदानाच्या हक्काचा कायदा झाला.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण ते शिकागोला गेले.

शिकागोचा फ्लॅट

उत्तरेत पाण्याचे नळ वेगळे नव्हते. पाटी कुठेच नव्हती. पण घर मिळत नव्हतं. शिकागोत काळ्या लोकांच्या वस्त्या ठरलेल्या होत्या. सरकारी यंत्रणांनी १९३० च्या दशकात शहरांचे नकाशे काढून अशा वस्त्यांभोवती लाल रंग भरला होता, तिथल्या घरांना कर्ज मिळणं कठीण. बाहेर चांगल्या वस्तीत घर बघायला गेलं की एजंट गोड बोलून वाटेला लावायचा. चळवळीतल्या लोकांनी १९६६ च्या उन्हाळ्यात एक साधा प्रयोग केला. एजंटच्या ऑफिसात आधी काळं जोडपं पाठवायचं, मग गोरं. पहिल्याला सांगितलं जायचं की काही शिल्लक नाही, दुसऱ्याला घरांची यादी दाखवली जायची.

त्या वर्षी जानेवारीतच किंग यांनी शिकागोच्या पश्चिम भागातल्या एका मोडकळीला आलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट भाड्याने घेतला होता. भाडेकरू कोण आहे हे कळल्यावर मालकाने घाईघाईने रंगरंगोटी आणि दुरुस्ती करून घेतली. मग लोकांत विनोद सुरू झाला की, किंगसाहेबांनी दर महिन्याला इमारत बदलावी, सगळ्या दुरुस्त होतील. ५ ऑगस्टला मार्केट पार्क भागात घरांच्या प्रश्नावर मोर्चा असताना जमावाने दगडफेक केली. एक दगड त्यांच्या डोक्याला लागला, ते गुडघ्यावर बसले, उठले आणि चालत राहिले. दक्षिणेतसुद्धा इतका द्वेष पाहिला नव्हता, अशी कबुली त्यांनी पत्रकारांजवळ दिली. दगड मारणारे गुंड नव्हते. घराचे हप्ते भरणारी, आपल्या वस्तीचा भाव पडेल म्हणून घाबरलेली तुमच्या-आमच्यासारखी माणसं होती. महिनाअखेरीस महापौर आणि एजंटांच्या संघटनेशी समझोता झाला, पण तो कागदावरच राहिला. घरांच्या कायद्याचं विधेयक संसदेत अडकून पडलं.

हे वाचत असताना मुलगा ऑफिसातून आला. मी त्याला विचारलं, तू २०११ साली इथे पहिलं घर घेतलंस तेव्हा कोणी काही विचारलं होतं का? धर्म, जात, काय खाता? तो म्हणाला की, विचारताच येत नाही. एजंटच्या ऑफिसात भिंतीवर पाटीच असते, वंश, रंग, धर्म, देश यावरून घर नाकारणं हा गुन्हा आहे म्हणून. पगार आणि आधीच्या घरमालकाचं पत्र, एवढंच मागितलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. आता माझी ती आठवण.

२००७ साल. मी सेक्रेटरी. बी विंगमधला एक फ्लॅट विक्रीला निघाला. घेणारं जोडपं तरुण होतं, दोघंही शिक्षक. सोसायटीचा ना हरकत दाखला हवा होता, त्याशिवाय बँक कर्जाचे पैसे सोडत नव्हती. अर्ज व्यवस्थित भरलेला, कागद पूर्ण. कमिटीच्या बैठकीत आडनाव वाचलं गेलं आणि कोणीतरी पंख्याकडे बघितलं. विरोध असा कोणी केला नाही. पुढच्या बैठकीत बघू, एवढंच ठरलं. पुढच्या बैठकीत कोरम नव्हता. मग गणपती आले, मग दिवाळी. ते गृहस्थ तीनदा माझ्या घरी आले. सौ.ने चहा दिला. तिसऱ्या वेळी मी त्यांना सांगितलं की, पार्किंगची अडचण आहे, नवीन सभासदाला जागा देता येणार नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं की त्यांच्याकडे गाडी नाही. तरी मी मान हलवत राहिलो. कर्जाच्या मंजुरीची मुदत उलटली आणि व्यवहार फिसकटला. विकणाऱ्याने दुसरं गिऱ्हाईक बघितलं. त्या गिऱ्हाइकाकडे दोन गाड्या होत्या आणि दाखला आठ दिवसांत निघाला. दाखल्यावर सही माझी आहे.

मिनिट्समध्ये याची ओळसुद्धा नाही. रौप्यमहोत्सवासाठी जुन्या फायली लावताना मला तो अर्ज मात्र सापडला. अक्षर फार सुंदर आहे. अर्जाच्या खाली त्यांनी लिहिलंय की, दोघंही शिक्षक असल्याने सोसायटीतल्या मुलांना सुट्टीत मोफत शिकवायला आवडेल.

कायदा मला माहीत नव्हता, असंही नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम २३ मी पाठ म्हणून दाखवू शकत होतो. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. सहकाराचं पहिलं तत्त्वच मुळी खुलं सभासदत्व हे आहे. आणि मी स्वतःला कधी वाईट माणूस समजलो नाही. शिकागोच्या त्या एजंटांनीही समजलं नसेल.

मेम्फिस आणि नंतर

किंग यांची शेवटची लढाई सफाई कामगारांची होती. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिस शहरात पावसात आडोशाला कचऱ्याच्या गाडीत बसलेले दोन कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, गाडीचं दाबयंत्र अचानक सुरू होऊन चिरडले गेले. ११ दिवसांनी सुमारे १३०० कामगार संपावर गेले. मागणी पगाराची होती, युनियनची होती, पण गळ्यात अडकवलेल्या फलकांवर एवढंच लिहिलेलं की आम्ही माणसं आहोत. किंग तेव्हा थकलेले होते. व्हिएतनाम युद्धाला विरोध केल्यामुळे सरकार नाराज, जुने मित्र दुरावलेले, गुप्त पोलिस मागावर. तरी ते मेम्फिसला गेले, दोनदा नाही, तीनदा गेले. ४ एप्रिलच्या संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या सज्जात उभे असताना त्यांना गोळी लागली. वय ३९. चार दिवसांनी कोरेटांनी मुलांना बरोबर घेऊन मेम्फिसला तोच राहिलेला मोर्चा काढला. १६ एप्रिलला कामगारांच्या मागण्या मान्य झाल्या. आणि मधल्या काळात, ११ एप्रिलला, अडकून पडलेल्या घरांच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. माझ्या मुलाला ज्या पाटीमुळे घर मिळालं ती पाटी या कायद्याची. कायदा झाला म्हणून सगळं सुधारलं, असं तिथेही कोणी म्हणत नाही, पण निदान विचारताना माणूस कचरतो.

त्यांच्या जन्मदिनाची सुट्टी मिळवायलाही पंधरा वर्षं झगडावं लागलं. १९८३ साली कायदा झाला, १९८६ पासून जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी सुट्टी सुरू झाली. १९९४ मध्ये संसदेने तो सेवेचा दिवस ठरवला. म्हणजे सुट्टी आहे, पण झोपण्यासाठी नाही. शाळा रंगवा, धान्य भरा, कोणाला तरी वाचायला शिकवा.

परत आल्यावर मी कमिटीकडे एकच मागणी केली. सोसायटीचं ऑफिस संध्याकाळी सात ते नऊ रिकामं असतं, ते अभ्यासाला द्या. जून २०२४ पासून तिथे मुलं बसतात, आपली, वॉचमनची, इस्त्रीवाल्याची आणि कामाला येणाऱ्या मावशींची. शनिवारी मोठ्यांचा वर्ग असतो. मी जॉन्स बेटाची पद्धत उचलली, काय शिकायचंय ते आधी विचारलं. सी विंगमध्ये पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना बँकेचं पासबुक वाचायचं होतं. आठ महिन्यांनी त्यांनी पासबुक वाचलं आणि दोन महिन्यांचा पगार एका घराकडून जमाच झालेला नाही, हे शोधून काढलं. ते घर आपल्याच सोसायटीतलं. पैसे आता जमा झाले आहेत. शिक्षणाचा असाही त्रास होतो, तो सहन करायची तयारी ठेवावी!

वर्गाला शिक्षक कमी पडतात. दर शनिवारी पाटीवर तारीख लिहिताना मला तो सुंदर अक्षरातला अर्ज आठवतो. दोन चांगले शिक्षक आपल्या दारापर्यंत आले होते, आणि मी त्यांना पार्किंगचं कारण सांगून परत पाठवलं. ते आता कुठे राहतात ते मला माहीत नाही. शोधायचा प्रयत्न केला, अर्जातला फोन नंबर आता लागत नाही. हा लेख त्यांच्यापर्यंत पोहोचला, तर माझी माफी पोहोचली असं मी समजेन. सोसायटीच्या वतीने मागायचा अधिकार मला नाही, माझ्या सहीपुरती मागतो.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी तीन ठराव मांडणार आहे. पहिला, फ्लॅट विक्रीचा किंवा भाड्याचा अर्ज आला की तो पहिल्याच बैठकीत निकाली काढायचा, आणि नकार असेल तर कारण लेखी देऊन मिनिट्समध्ये नोंदवायचं. आडनाव, धर्म, जात, जेवण ही कारणं असणार नाहीत. दुसरा, ऑफिसातली अभ्यासिका कायमची ठेवायची. तिसरा, दर २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर भाषण न करता सगळ्यांनी मिळून दोन तास काम करायचं. काम कुठलं ते सफाई करणाऱ्या भाऊंना विचारून ठरवू, इमारत त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ठरावाला सूचक मी आहे. अनुमोदक हवा आहे. सभेला या. दरवर्षीप्रमाणे कोरमसाठी अर्धा तास थांबायला लावू नका.

सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा.

— एक माजी सेक्रेटरी, बी विंग